खूणबाईंचं बदक

माझ्या आत्याला डेपोत सगळे खूणबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आत्याचे कान तिखट, त्यामुळे तिला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. बसमध्ये लोकांच्या राहिलेल्या वस्तू जिथे जमा होतात, त्या खोलीची ती मालकीण. मालकीण म्हणजे खरं तर कारकून, पण तिच्यासमोर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

खोली होती तिकीटखिडकीच्या मागे, जिन्याखाली. पुढे गजांची खिडकी, बाजूला अर्धं दार, आत छतापर्यंत फळ्या. ओल्या छत्र्यांचा आणि जुन्या चामड्याचा वास. डबे, पिशव्या, लहान मुलांचे एकेकटे बूट, एक कवळी आणि एक कुबडी. कुबडी घेऊन चढलेला माणूस कुबडीशिवाय उतरला कसा, या प्रश्नाने आत्याला जन्मभर छळलं. या खोलीची पितळी किल्ली लाल दोऱ्यात ओवून ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची, आणि घरी आल्यावरही अधूनमधून चाचपून बघायची.

कुणी वस्तू मागायला आलं की आत्या एकच वाक्य बोले. "खूण सांगा." रंग नको, आकार नको, ते काय गजांतून कुणालाही दिसतं. फक्त मालकालाच माहीत असेल अशी काहीतरी खूण. माणसं चिडत, घड्याळं दाखवत, वर ओळखी आहेत म्हणून सांगत. आत्या ढिम्म. एकदा एक मुलगी आईचं बोट धरून बाहुली मागायला आली. आई रंग सांगत होती, फ्रॉक सांगत होती. मग मुलगी टाचा उंचावून म्हणाली, "तिच्या डाव्या पायाला निळा दोरा आहे. मी शिवलाय." आत्याने त्या क्षणी बाहुली दिली, आणि घरी आल्यावर आठवडाभर तेच सांगत होती.

"खूण सांगताना माणसाचा चेहरा बघावा गं," ती म्हणायची. "वस्तू हातात पडायच्या आधीच मिळाल्यासारखा होतो."

ती आमच्या बाबांची धाकटी बहीण, आणि आमच्याच घरात राहायची. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं तर म्हणे, "आले होते दोघं-तिघं. खूण सांगता आली नाही."

तर अशा या आत्याच्या खोलीत कॉम्प्युटर येणार असं ठरलं. तो काळ असा होता की कॉम्प्युटर म्हटलं की लोक आवाज खाली करून बोलत. मोठ्या साहेबांनी सांगितलं, शिकवणी होईल, शेवटी परीक्षा होईल. पास होईल तो खोलीत राहील, नापास होईल त्याने किल्ली जमा करायची आणि डेपोच्या मागच्या कोठारात टायर मोजायला जायचं. आत्या हसत हसत गेली शिकवणीला. पहिल्याच दिवशी तिचा पाय कसल्याशा वायरीवर पडला, पडदा काळा झाला, आणि शिकवायला आलेले तरुण सर ओरडले, "काय केलंत हो बाई!" वायर पुन्हा खोचली आणि सगळं सुरळीत झालं. पण आत्याच्या बोटांनी त्या दिवशी धसका घेतला तो घेतलाच. त्यानंतर कळफलक समोर आला की तिचे हात बर्फ व्हायचे. बाकीचे कारकून टकाटक बटणं दाबत, आणि आत्या मांडीवर हात ठेवून बसे.

"कोठारात खिडकीसुद्धा नाही, वहिनी," ती आईला स्वयंपाकघरात सांगत होती. "तिथे कोण येणार मला खूण सांगायला? टायर?"

तिने आत्याच्या पुढ्यात चहा ठेवला आणि स्वतःही तिथेच बसली. आईच्या हातात काम नाही म्हणजे गोष्ट गंभीर आहे, एवढं मला कळत होतं.

गंमत अशी की कॉम्प्युटर आमच्या घरातही होता. दादाने सुट्टीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम केलं होतं, आणि तिथल्या मालकाने आपला जुना त्याला देऊन टाकला होता. रबरी बटणांची चपटी पेटी. ती टीव्हीला जोडायची, शेजारी कॅसेट प्लेअर ठेवायचा आणि कॅसेट लावायची. मग घरभर अशी किरकिर सुरू व्हायची की बाबा वर्तमानपत्र घेऊन जिन्यात जाऊन बसत. आवाज नेमका किती ठेवायचा त्या जागी मी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. एवढं सगळं करून, चहा उकळून पिऊन होईपर्यंत थांबल्यावर, पडद्यावर एक गेम यायचा. तोही यायचा असेल तर.

गेम लहान मुलांचा होता. एका म्हातारीचं बदक हरवलंय, ते शोधून तिच्या घरी पोचवायचं. दादाने तो एका मासिकातून ओळ न् ओळ टाइप करून घेतला होता, आणि सगळी वाक्यं इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत केली होती. वर ठोकळ्या-ठोकळ्यांचं चित्र, खाली वाक्य, आणि त्याखाली आपण दोन शब्द लिहायचे. 'उत्तरेला जा'. 'दार उघड'. समजलं तर तो ऐके, नाही समजलं तर लिही, 'कळलं नाही. पुन्हा सांग.' आमच्या घरात हे वाक्य इतकं रुळलं होतं की बाबांनी अभ्यासाचं विचारलं की आम्ही दोघं तेच म्हणायचो आणि पाठीत धपाटा खायचो.

एका संध्याकाळी मी खेळत होते आणि आत्या मागे कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. पडद्यावर आलं, 'विहिरीजवळ एक कंदील पडला आहे.' मी लिहिलं, 'कंदील घे'.

"कुणाचा आहे?" मागून आवाज आला.

"कुणाचाच नाही, आत्या. गेम आहे."

"कुणाचाच नसलेला कंदील मी अजून पाहिलेला नाही. ठेव तो खाली. आधी विचार त्याला."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी 'कंदील ठेव' लिहून मग 'कंदील कुणाचा' असं लिहिलं. उत्तर आलं, 'कळलं नाही. पुन्हा सांग.'

आत्याच्या हातातली घडी विस्कटली. "सांग? मला सांग म्हणतो हा? घरच्यांनी 'तू' म्हटलेलं चालतं, पण याची-माझी ओळख कुठली? सरक बघू तू."

आणि ती बसली. रागाने लाल होऊन, एका बोटाने, अक्षर शोधत शोधत तिने लिहिलं, 'नीट बोला.' पडदा काळा झाला नाही. काहीच फुटलं नाही. दादा दारात उभा राहून बघत होता. त्याने मला खूण केली, गप्प बस. आत्याला स्वतःला कळलंच नाही की तिची बोटं कळफलकावर आहेत. माणूस चिडला की भीती मागच्या दाराने पळते ती अशी.

दुसऱ्या दिवशी दादाने गेमला 'घ्या', 'द्या' शिकवलं, आणि ते वाक्यही बदललं. 'कळलं नाही, आत्या. पुन्हा सांगता का?' आत्याने ते वाचलं, मान डोलावली, आणि म्हणाली, "आता कसं माणसात आलं."

त्यानंतर रोज डेपोतून आली की चप्पल काढायची, चहा घ्यायचा आणि थेट बदकाच्या गावात जायचं, असा तिचा क्रम झाला. तिची खेळायची तऱ्हा मात्र जगावेगळी. आम्ही दिसेल ते उचलून पुढे पळायचो. आत्या एखादी वस्तू घ्यायची, काम झालं की पुन्हा माघारी जाऊन होती तिथेच ठेवायची. "ज्याची असेल तो शोधत येईल ना!" विहिरीजवळचा कंदील तिने गुहेत नेला आणि परत विहिरीजवळ आणून ठेवला. मग उगाच चार ठिकाणी हिंडून पुन्हा विहिरीवर गेली. कंदील तिथेच होता.

"वहिनी, बघायला या!" ती ओरडली. "ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडते! सबंध गावात एक चोर नाही!"

तिला बदकापेक्षा हे जास्त आवडलं. एकदा बाबांचा धक्का टेबलाला लागून सगळं बंद पडलं आणि गाव पहिल्यापासून सुरू झालं, तेव्हा ती बाबांशी जेवेपर्यंत बोलली नाही. मग दादाने तिला खेळ कॅसेटवर साठवायला शिकवलं. रोज उठताना ती विचारी, "गाव नीट ठेवलं का रे?" जणू तिच्याशिवाय ते रात्रभर उघडंच राहिलं असतं.

नदीपाशी आम्ही सगळे अडलो होतो, गेम टाइप करणारा दादासुद्धा; आकड्यांच्या ओळींतून उत्तर त्यालाही कळलं नव्हतं. नावाडी पलीकडे नेतच नसे. काठावर शिट्टी सापडायची, ती आम्ही वाजवून वाजवून दमलो होतो. आत्याने वाचलं, 'शिट्टी ओल्या दोरीला बांधली आहे.' म्हणाली, "ओली दोरी कुणाकडे असते? नावाड्याची आहे ती. देऊन टाका बिचाऱ्याची." लिहिलं, 'शिट्टी द्या'. नाव सुटली. दादा डोक्याला हात लावून बसला.

शिकवणीतही तिचं बोट आता चालत होतं. हळू, पण चालत होतं. सर म्हणाले म्हणे, "बाई, तुम्ही घरी सराव करता वाटतं?" आत्याने उत्तर दिलं, "बदक शोधतेय."

बदक गिरणीमागे सापडलं. ते कुशीत घेऊन आत्या म्हातारीच्या घरी पोचली. हे झालं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. आम्ही सगळे टीव्हीभोवती जमलो होतो, बाबासुद्धा जिन्यातून आत आले होते. पडद्यावर आलं, 'म्हातारी दारात उभी आहे. ती म्हणते, माझं बदक मला दे.' आता फक्त दोन शब्द लिहायचे, की संपलं.

आत्याने लिहिलं, 'खूण सांगा'.

'कळलं नाही, आत्या. पुन्हा सांगता का?'

"अगं दे ना तिला!" दादा कळवळला. "तिचंच आहे. ती सांगतेय ना!"

"सांगायला काय जातं? जिभेला हाड असतं का?"

"पण गेममध्ये दुसरी म्हातारीच नाही!"

"नसेल. पण खूण नाही तर बदक नाही." तिने बदक तिथेच, म्हातारीच्या दारात पण स्वतःच्या हातात ठेवलं, गाव कॅसेटमध्ये बंद केलं आणि उठली. बाबा म्हणाले, "हिच्यापुढे साक्षात ब्रह्मदेव हात टेकेल," आणि पुन्हा जिन्यात गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली आणि आत्या लवकर घरी आली. चप्पल न काढताच आत येऊन खुर्चीवर बसली. आईने विचारायच्या आधीच म्हणाली, "गेलं."

हळूहळू कळलं ते असं. परीक्षेत सर स्वतः प्रवासी झाले होते. टेबलावर एक पिशवी ठेवली होती. ती कॉम्प्युटरवर नोंदवायची, मग शोधून काढायची, आणि सरांनी मागितली की 'दिली' असं बटण दाबायचं. आत्याने नोंदवली. शोधली. सर म्हणाले, "माझी पिशवी द्या." आणि आत्या म्हणाली, "खूण सांगा."

"बाई, परीक्षा आहे. बटण दाबा."

"खूण सांगा."

मागे बाकीच्या कारकुनांची अजून रांग होती, मोठे साहेब घड्याळ बघत होते. वेळ संपली. सरांनी गुणांच्या कागदावर 'दिली'समोरची तेवढी एक जागा कोरी सोडली. त्या एका जागेवर सगळं अडलं. साहेब म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत किल्ली जमा करा.

"अगं, पण खोटीच तर पिशवी होती ती," आई म्हणाली.

"खोट्या पिशवीला विचारलं नाही, की खऱ्या पिशवीला विचारायचं राहतं, वहिनी." मग आवाज एकदम बारीक झाला. "पण माझंच चुकलं. दाबायचं होतं मुकाट्याने. काय बिघडलं असतं?"

ती असं म्हणाली याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आत्याने स्वतःची चूक कबूल करणं म्हणजे आमच्या घराचा खांब कलणं.

पण त्या दुपारी, आत्या परीक्षेत असताना, दादाने आणि मी एक उद्योग करून ठेवला होता. तो आता दाखवावा की नाही ते कळेना. दादा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. शेवटी मीच म्हटलं, "आत्या, ती म्हातारी खूण सांगायला तयार झालीये."

"आज नको गं."

टीव्ही बंद होता. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"काय म्हणते?" मग आत्यानेच विचारलं.

"ते तुलाच सांगणार म्हणे."

दादाने कॅसेट लावली. किरकिर संपली. म्हातारी होती तशीच दारात उभी होती. आत्याने एका बोटाने लिहिलं, 'खूण सांगा'. पडद्यावर आलं, 'म्हातारी म्हणते, त्याच्या उजव्या पंखाखाली पांढरा ठिपका आहे. कुणी ओरडलं की ते डोकं पंखात खुपसतं. रात्री माझ्या पायाशी झोपतं.'

आत्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. आता देईल असं मला वाटलं. पण तिने लिहिलं, 'बदक बघा'.

म्हातारी खोटी पडली तर? मी दादाकडे पाहिलं. तो शांत होता. दादा आत्याला ओळखून होता. पडद्यावर अक्षरं उमटली, 'उजव्या पंखाखाली पांढरा ठिपका आहे.'

'बदक द्या', आत्याने लिहिलं.

'बदक घरी पोचलं. आत्या, तुम्ही विचारलंत म्हणून पोचलं.'

हे शेवटचं वाक्य दादाचं. ते मला दुपारी त्याने दाखवलं नव्हतं. आत्या रडायला लागली. डोळ्यांना पदर वगैरे लावून नाही, चांगली हुंदके देऊन, लहान मुलासारखी. मला तिच्यावर इतकी माया दाटून आली की काय करावं ते सुचेना, म्हणून मी तिच्या पायांतल्या चपला काढून दारात नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. पर्स उघडून किल्ली बघितली, मिटली, पुन्हा उघडून बघितली. "संध्याकाळी द्यायची आहे, आत्ता कुठे," असं स्वतःशीच म्हणाली आणि गेली. दिवसभर आम्ही कुठल्याच कामाचे राहिलो नाही. संध्याकाळी आई उगाचच पुढच्या खोलीत येऊन धूळ पुसत होती. बाबा जिन्यात होते, पण वर्तमानपत्र उलटं धरून.

आत्या आली. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना. उजवी मूठ मिटलेली. चप्पल काढली, बसली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"सांगते. आधी त्या पिशवीचं ऐका."

"अगं पिशवी मरू दे, निकाल सांग!"

"पिशवी कशी मरू दे? तिथेच तर सगळं आहे." आणि ती सविस्तर सांगू लागली. सकाळी ती साहेबांकडे नाही, सरांकडे गेली. म्हणाली, "सर, परीक्षा होती, मी चुकले. नापास करा, माझी तक्रार नाही. पण ती पिशवी कुणाची ते कळल्याशिवाय मला चैन नाही." सर आधी हसले. मग म्हणाले, माझीच आहे, घरून घाईत तीच उचलून आणली होती. आत्या म्हणाली, "मग खूण सांगा."

"आणि ते उठले," आत्या म्हणाली. "खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, आतलं अस्तर फाटलं होतं. आईने माझ्या शाळेतल्या शर्टाचा तुकडा लावलाय तिथे, निळ्या चौकड्यांचा. एकटेच राहतात हो ते इथे, भाड्याच्या खोलीत. असा चेहरा झाला त्यांचा... मी पिशवी उघडून बघितली. होता तुकडा. मग गेले कॉम्प्युटरपाशी आणि दाबलं बटण. 'दिली'."

"मग?" दादा म्हणाला.

"मग काय, सरांनी कागदावरची ती कोरी जागा भरली आणि ते साहेबांच्या खोलीत गेले."

"आणि? किल्ली? किल्ली जमा केलीस का तू?"

"आता मी काहीही सांगेन," आत्या म्हणाली. "तुम्ही ठेवाल विश्वास? जिभेला हाड असतं का?"

मी उठले. तिच्या खुर्चीसमोर जाऊन, ती खिडकीत उभी राहते तशी ताठ उभी राहिले, आणि म्हटलं, "खूण सांगा."

तिचा चेहरा बदलला. तिने कितीदा वर्णन केलं होतं, तरी मी तो तसा पहिल्यांदाच बघत होते. तिने मूठ माझ्यापुढे धरली आणि उघडली. लाल दोरा, पितळी किल्ली. डेपोपासून घरापर्यंत सबंध वाट तिने ती इतकी घट्ट धरली होती की किल्लीचे दात तळहातावर उमटले होते.